चौकशीचं लुगडं

‘चौकशीच्या दिवशी फाटकं नेसायचं, आणि का म्हणून विचारायचं नाही.’ शहाडच्या आमच्या आळीचा हा नियम. मोठी माणसं तो इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगतात, जणू देवानंच घालून दिलाय. मला तर तो तोंडावर सांगितला गेला, कारण ते फाटकं म्हणजे मीच.

मी लुगडं बोलतेय. लुगडं म्हणजे ‘ते’, हे मला ठाऊक आहे. पण माझं सगळं आयुष्य बायकांच्या अंगावर गेलं, म्हणून मी स्वतःला ‘ती’ म्हणते. कुणाला खटकत असेल तर खटकू दे.

राणीच्या ज्युबिलीच्या साली भिवंडीच्या मागावर मी विणली गेले. निळं अंग, तांबडे काठ, पदराला पिवळ्या रेघा. तुळसाच्या नवऱ्यानं मला कल्याणच्या बाजारातून खांद्यावर टाकून आणलं. तो सरकारी टपालाचा शिपाई होता, पेन्शनीला थोडेच दिवस राहिलेले. टपालाची थैली घेऊन उल्हास नदी ओलांडताना होडी उलटली आणि तो गेला. लोकांनी आधी थैली शोधली, मग त्याला.

अशा म्हाताऱ्या विधवांना सरकार दयेची पेन्शन देतं. मात्र दुसरा काही आधार नसेल तरच. तो आहे की नाही हे बघायला दरसाल कचेरीतून चौकशीचा कारकून येतो, चावडीच्या ओट्यावर बसतो आणि म्हाताऱ्यांना एकेक करून समोर उभं करतो.

पहिल्या चौकशीला तुळसा मला स्वच्छ धुऊन नेसून गेली. सरकारी माणसासमोर जायचं तर नीटनेटकं जावं, एवढंच तिला माहीत. कारकुनानं माझा पदर उचलून बघितला. हातानं नाही, काठीच्या टोकानं. ‘असलं लुगडं नेसणारीला नड कसली?’ म्हणाला, आणि तिची पेन्शन बंद केली.

घरात मी होते आणि रिकामी मडकी होती. मडकी बघायला कुणी आलं नाही. तुळसा लोकांच्या पडवीत उरलंसुरलं खाऊन राहिली आणि पुढची चौकशी यायच्या आत मेली.

मग आळीतली मोठी माणसं जमली. मला वाटलं, आता कचेरीत जाऊन भांडतील. कसलं काय! आळीचा कारभारी धोंडीबा मला मांडीवर घेऊन बसला आणि त्यानं विळा लावला. कमरेपाशी फाडलं, पदराला फाडलं, आणि काम फत्ते केल्यासारखं म्हणाला, ‘आता ह्ये आळीचं. जिची चौकशी, तिनं ह्येच नेसायचं.’

मी जुनी होऊन फाटले नाही. मला फाडलंय. हे नीट लक्षात ठेवा.

तेव्हापासून चौकशीच्या सकाळी चावडीमागच्या आडोशाला एक म्हातारी मला सोडायची आणि दुसरी तिथंच नेसायची. पहिलीच्या अंगाची ऊब जायच्या आत मी दुसरीच्या कमरेला. समोर जाऊन लाचार तोंड करायचं, कारकुनानं काठीनं माझी भोकं चाचपायची, आणि मान हलली की परत आडोशाला. पेन्शनी चालू राहिल्या, म्हणून सगळे धोंडीबाला शहाणा म्हणू लागले.

एक गोष्ट मात्र त्या शहाण्याला जमली नाही. चौकशी झाल्यावर मला जिच्या घरी ठेवत, ती मला शिवून टाकी. हौसाबाईनं शिवलं, लक्ष्मीनं ठिगळ लावलं. शिवायचं नाही म्हणून बजावलेलं असे. पण घरात फाटकं पडलंय आणि यांचे हात गप्प बसलेत, असं व्हायचंच नाही. मग चौकशीच्या आदल्या दिवशी धोंडीबा येऊन सगळे टाके उसवायचा आणि बायकांना बिनडोक म्हणायचा. बायका ऐकून घ्यायच्या. मला त्यांचाही राग येई.

यंदा मी गोदूबाईकडे होते. तिला मूलबाळ नाही. पेन्शन गेली तर आंबिवलीला पुतण्याच्या ओसरीवर जाऊन पडणं, एवढंच तिच्या हातात. तिथं ती एकदा राहून आलीय. ‘सूनबाई आधी कुत्र्याला वाढायची, मंग मला. कुत्रा चावतो ना!’ असं ती हसत सांगते. मला हसू येत नाही.

गोदूबाईच्या बापाची होडी होती. लहानपणी ती शिडं शिवायची. तिनं मला शिडासारखंच शिवलं, दुहेरी दोऱ्याला मेण लावून. आणि काल नेमका धोंडीबा तापानं अंथरुणाला खिळला होता, त्यामुळे टाके उसवायचे राहिले. आज सकाळी ती मला नेसून चावडीवर उभी राहिली, तेव्हा कसाबसा उठून आलेल्या धोंडीबाच्या, कारकुनासमोरच, ते ध्यानात आलं.

‘गोदूबाय, ह्ये काय? शिवलंस?’

‘मंग काय, धोंडीभाऊ? भोकातून वारा येतो.’

‘येऊ दे ना वारा! आता त्याच वाऱ्यावर पिन्शन जाईल तुजी!’

‘मी सांगत होते, हिच्या घरातली सुई लपवा म्हणून,’ हौसाबाई पुटपुटली.

कारकून हसला. ‘अहो, भांडता कशाला? हे लुगडं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. दरसाल एकाच सकाळी तिघींच्या अंगावर पाहतो.’

म्हणजे त्याला माहीत होतं! पहिल्यापासून माहीत होतं.

‘मला वर लिहून पाठवावं लागतं, फाटक्या वस्त्रानिशी आढळली म्हणून,’ तो म्हणाला. ‘एवढ्याशासाठी म्हातारीची पेन्शन कशाला अडवू? थोडं फाडा. मी थांबतो.’ आणि त्यानं पानाचा डबा उघडला.

किळस येणार नाही तर काय होईल? फसवणाऱ्यांना ठाऊक, फसणाऱ्याला ठाऊक, आणि फाटायचं मी.

‘बघ, देवमाणूस हाय,’ धोंडीबा म्हणाला. ओट्यावरच्या सगळ्या पिकल्या माना डोलू लागल्या. ‘फाड गं, बोटभर तर फाडायचंय.’ ‘ऐकावं मोठ्या माणसांचं.’ सत्तरीला टेकलेल्या बाईला सांगत होते, मोठ्या माणसांचं ऐकावं!

गोदूबाई हलली नाही. तेव्हा धोंडीबा उठला, दोन्ही हातांनी त्यानं माझा पदर धरला आणि हिसका दिला.

मी फाटले नाही.

त्यानं पुन्हा ओढलं. टाका तसाच राहिला, पण पदर गोदूबाईच्या डोक्यावरून घसरला आणि तिचे विरळ पांढरे केस उघडे पडले. भर चावडीवर एक पुरुष बाईचा पदर ओढत उभा होता. इतकी वर्षं मला फाडताना त्याला काही वाटलं नव्हतं. आता मात्र आपल्या मुठीत काय आहे ते त्याला दिसलं. सगळ्यांनाच दिसलं.

‘सोडा, धोंडीभाऊ.’

त्यानं सोडलं. गोदूबाईनं मला सावकाश डोक्यावर घेतलं आणि ती कारकुनाकडे वळली.

‘लिवा, दादा. लुगडं शिवलेलं हाय. घरात दाना नाय. दोनी खरं हाय. पहिलं खोटं केल्याबिगर दुसरं खरं मानता येत नसंल, तर ठेवा तुमची पिन्शन तुमच्यापाशी. मी फाडनार नाय. कुनाला फाडू देनार नाय.’

कारकुनाचं चुन्याचं बोट पानावरच थांबलंय. हौसाबाई जमिनीकडे बघतेय. धोंडीबा स्वतःच्या हातांकडे. मी तिच्या डोक्यावर घट्ट बसलेय, टाक्यांसकट. माझी भोकं मोजायला येणाऱ्यांनो, एकदा आत येऊन मडकी बघा, एवढंच मला सांगायचंय.

‘बोला की,’ गोदूबाई म्हणते.