बर्फातलं रक्त

प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा गोठेवाल्या काकूंनी त्यांना मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. आज त्याच बाईंचा विषय निघाला, की काकूंचे हात आपोआप जोडले जातात.

झालं असं. क्षयाच्या तपासणीला लाडक्या ठमी गाईच्या मानेवर सुई टोचली, तिथे गाठ आली. पण निकाल धड 'हो' नाही, धड 'नाही'ही नाही. म्हणून गुरांच्या डॉक्टरांनी प्रयोगशाळेसाठी रक्त काढलं आणि बजावलं, "गार होऊ देऊ नका." पण काकूंचा जन्म दुधात गेलेला. नासू नये ते बर्फात, एवढंच त्यांना ठाऊक. डॉक्टरांना काय कळतंय, म्हणत त्यांनी नळी बर्फात घालून पोचवली.

नातीला ठमीचं धारोष्ण दूध लागे. निकालापर्यंत ते बंद होतं. पोरगी रोज पेला घेऊन गोठ्यात उभी राही, आणि काकूंचा जीव तुटे.

जुन्या पद्धतीत ठमी निर्दोष सुटली असती, कारण क्षय असला की जंतूंच्या अर्काने रक्त खवळतं, आणि तिच्या रक्ताने त्या अर्काला दादच दिली नव्हती. पण बाईंनी आपल्या चाचणीत एक जादा नळी घातली होती. तिच्यातल्या औषधाने कुठलंही जिवंत रक्त खवळून उठतं. त्या नळीतलं रक्तही ढिम्म राहिलं, तेव्हा बाईंनी फोन लावला.

"काकू, रक्त बर्फात ठेवलं होतं का?"

"मग काय चुलीवर ठेवायचं?"

"अहो, गारठ्याने त्यातला जीव गेला. मेलेला माणूस खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. पुन्हा आणा."

दुसरी नळी काकूंनी पोटाशी धरून नेली. या वेळी रक्त बोललं. क्षयच होता.

ठमीला कायमचं न्यायला गाडी आली त्या दिवशी काकूंनी चूल पेटवली नाही. मग बाकीच्या गाई तपासल्या, नात तपासली. सगळ्या ठणठणीत. काकू तडक प्रयोगशाळेत गेल्या.

बाई उठून उभ्या राहिल्या. "काकू, माफ करा..."

"माफी कसली मागतेस? तू नुसतं 'ठीक आहे' म्हणाली असतीस ना, तर त्याच संध्याकाळी मी माझ्या हाताने पोरीचा पेला भरला असता. तुझे उपकार कसे फेडू गं?"

बाईंनी ठमीची नळी उचलली. "उरलेलं रक्त ठेवून घेऊ? चाचणी आणखी सुधारता येईल."

"घे. पण नळीवर नाव लिही तिचं."

"इथे नुसते नंबर असतात, काकू."

काकू नळीकडे बघत उभ्या राहिल्या. बाईंनी पेन उचललं आणि नंबराखाली ठळक अक्षरांत लिहिलं, ठमी.

काकूंनी बाईंना आणि नळीतल्या ठमीला, दोघींना नमस्कार केला.