रंगवलेली थोरली

मित्रांनो, धक्क्यावर उभं राहून पाहाल तर मी तुम्हाला अगदी कोरी करकरीत वाटेन. फसू नका. मी एक जुनं जहाज आहे, आणि माझ्या अंगावरचा हा राखाडी रंग माझ्या वयाहून पुष्कळ लहान आहे.

माझा तळ सपाट आहे. तोंडाशी एक मोठं लोखंडी दार आहे. ते खाली सोडलं की त्याचाच उतार होतो आणि माझ्या पोटातले ट्रक, तंबू, पाण्याच्या टाक्या, माणसं सरळ किनाऱ्यावर उतरतात. जिथे बंदर नाही, ओळखीचं कुणी नाही, अशा दूरच्या मुलखात आपलं सगळं बरोबर घेऊन पोचता यावं म्हणून सैन्याने मला बांधून घेतलं. माझ्या पाठोपाठ हुबेहूब माझ्यासारखंच आणखी एक जहाज झालं. गोदीतली माणसं मला थोरली म्हणू लागली आणि तिला धाकटी. आम्ही दोघी असायलाच हव्या होत्या. एक परत येत असेल तेव्हा दुसरी निघालेली असावी, म्हणजे पलीकडे कुणी ताटकळत राहणार नाही, असा त्यामागचा विचार होता.

सुरुवातीची वर्षं मी खूप राबले. एकदा भूकंप झालेल्या बेटावर मी अख्खा दवाखाना उतरवला. परतताना माझ्या पोटात, दोन ट्रकांच्या मध्ये चादरीचा आडोसा करून, एक मुलगी जन्मली. तिचं पहिलं रडणं माझ्या पत्र्यावर असं घुमलं की इंजिनघरातली माणसं हातातली कामं टाकून वर धावली. आम्ही पोचलो तेव्हा धक्क्यावर बँड वाजत होता. शाळेची मुलं मला बघायला आली होती. त्यातल्या एकाने चॉकलेटचे हात माझ्या दाराला पुसले आणि आईची बोलणी खाल्ली. मला मात्र तो डाग फार आवडला होता.

मग ‘यंदा पैसे नाहीत’ अशी वर्षं सुरू झाली.

धाकटीचं पाणी खेचणारा पंप बिघडला. नवा मागवायचा ठरला. ज्याने सगळ्यात कमी किंमत सांगितली त्यालाच काम मिळालं. पंप यायला किती दिवाळ्या गेल्या म्हणता! आणि आला तर त्याचं तोंड आमच्या नळीपेक्षा बारीक. तो परत गेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू झालं. तोवर धाकटीला बंद ठेवणार का? म्हणून माझा पंप काढून तिला बसवला. आमच्या फोरमनकाकांनी त्याला पत्र्याची एक चिठ्ठी बांधली, ‘थोरलीचा. परत करायचा.’ माझ्या भिंतीवर थाप मारून ते म्हणाले, “तात्पुरतं गं बाई. नवा आला की पहिला तुलाच.”

त्यांनी ते मनापासूनच म्हटलं होतं. पण पंपामागून जनरेटर गेला. मग दाराची साखळी गेली. मग सुकाणूची मोटर. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली, प्रत्येक गोष्ट तात्पुरती. धाकटी जाते कुठे, येते कुठून, हे मी तिच्या इंजिनाच्या आवाजावरून ओळखायची, आणि त्या आवाजात अर्धा आवाज माझाच असायचा.

मला मोडीत का काढलं नाही, असं तुम्ही विचाराल. मोडीत काढलं असतं तर देशाकडे एकच जहाज उरलं असतं. एका जहाजाला तेवढाच कमी पैसा, तेवढीच कमी माणसं. गोदीतल्या कितीतरी घरांच्या चुली त्यावर होत्या. म्हणून वरून कुणी विचारलं की खालून उत्तर जायचं, “थोरलीचं किरकोळ काम बाकी आहे.” एकेक गोष्ट घेतली तर ते खरंही होतं. पंप काय, किरकोळच. साखळी काय, किरकोळच.

रंगाचं तेवढं वेगळं होतं. रंगाचे पैसे निराळे, सुट्या भागांचे निराळे. यातले त्यात घालायची परवानगी नाही, आणि वर्षाच्या आत खर्च केले नाहीत तर पुढच्या वर्षी तेही बंद. म्हणून दर वर्षी मला रंग लागायचा.

रंगवायला एक वेल्डरबाई असायची. वेल्डिंगचं काम नसलं की तिच्या हाती ब्रश द्यायचे. ती दोरांना टांगलेल्या फळीवर बसून, पाय हलवत, माझ्याशी गप्पा मारत रंगवायची.

“पोटात काही नाही अन् गालाला पावडर,” फोरमनकाका खालून ओरडायचे.

“काका, पावडर तरी नीट लावू द्या. आता तिच्याकडे दुसरं आहे काय?”

एका वर्षी तिने कुणाला तरी सांगून फोटो काढून घेतला. फळीवर ती, गालावर रंगाचा फराटा, आणि मागे चकचकीत मी. फोटो तिने धाकट्या भावाला पाठवला. तो समुद्रापलीकडच्या एका शहरात वायरमन होता. खाली लिहिलं, ‘बघ, कशी नटवलीय हिला!’

थोड्याच दिवसांत त्या शहरात लढाई पेटली. आपली हजारो माणसं तिथे अडकली. विमानतळ बंद पडला. रेडिओवर सांगितलं, दोन्ही जहाजं पाठोपाठ निघतील, सगळ्यांना घरी आणतील, कुणीही घाबरून जाऊ नये.

कँटीनमध्ये फोरमनकाकांच्या हातातला कप तसाच राहिला. “दोन्ही? आणि हिला काय दोरी बांधून ओढत नेणार?”

ते गोदीच्या साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले, “अहो, किरकोळ काम बाकी आहे असं तुम्हीच दर वर्षी कळवत होतात ना?” काकांनी मान खाली घातली. साहेबांचाही चेहरा पडलेला होता, कारण वर तेही तेच कळवत आले होते.

मित्रांनो, माझा पंप धाकटीत होता. माझा जनरेटर धाकटीत होता. मी निघायचं म्हटलं असतं तर धाकटीला थांबावं लागलं असतं.

ती एकटीच गेली.

चारच दिवसांनी वेल्डरबाईचा फोन वाजला. ती माझ्या पोटात, जिथे ती मुलगी जन्मली होती त्याच जागी उभी होती. भावाचा आवाज खरखरत होता, पण खुशीत होता.

“ताई, धाकटी भरून निघाली बघ. मला जागा मिळाली होती.”

“मिळाली होती म्हणजे?”

“एक बाई होती गं, कडेवर तान्हं. रांगेत शेवटची. मी म्हटलं, तुम्ही जा. मला काय घाई? थोरली येतेच आहे मागून. आमच्या खोलीतल्या आचाऱ्यालाही मीच थांबवून घेतलं. तुझा फोटो दाखवला त्याला. म्हटलं, माझ्या बहिणीने स्वतःच्या हाताने तयार केलीय.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ताई? ऐकू येतंय ना? कधी निघते थोरली?”

“तू... तू धक्क्याजवळ राहू नकोस,” ती कसंबसं म्हणाली. “आत कुठेतरी राहा. भिंतीच्या आड. दोघंही. धाकटीच येईल परत. तिची वाट बघ.”

“आणि थोरली?”

फोन तुटला. की तिने बंद केला, ते मला आजही माहीत नाही.

धाकटी परतली ती लंगडत. इंजिन थंड ठेवणारं यंत्र जळालं होतं. तसलं एकच यंत्र शिल्लक होतं, माझ्यात. त्याचे बोल्ट गंजून बसले होते, पान्ह्याला दाद देईनात. वेल्डरबाईने तोंडावर ढाल घेतली आणि गॅसची ज्योत माझ्या अंगाला लावली. तिच्या रंगाचे पापुद्रे करपून गळून पडत होते. “सोड गं,” ती सारखी म्हणत होती, “सोड, सोड ना लवकर.” मला कळ लागते का, ते तुम्ही विचारू नका. मी सोडलं. या खेपेला त्या यंत्राला कुणी चिठ्ठी बांधली नाही.

धाकटी लगेच निघाली. पण जायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागलाच. त्या वेळात मी समुद्रात असायला हवी होते.

ती परत आली तेव्हा बँड नव्हता. दार खाली आलं. माणसं गुपचूप उतरत होती. वेल्डरबाई टाचा उंचावून प्रत्येक चेहरा बघत होती. अगदी शेवटी भाऊ उतरला. धडधाकट होता. तिने धावत जाऊन त्याला कवटाळलं, डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवला. मग तिचं लक्ष गेलं. त्याच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या होत्या.

“एवढं सामान कुणाचं रे?”

“एक माझी,” तो म्हणाला.

दुसऱ्या पिशवीतून आचाऱ्याच्या झाऱ्याचा दांडा बाहेर आला होता.

भाऊ तसाच चालत माझ्याकडे आला. आत शिरला. माझ्या इंजिनघरात, जिथे तुटक्या नळ्यांच्या तोंडांना चिंध्या कोंबल्या आहेत, तिथे तो खूप वेळ उभा राहिला. बहिणीला लागेल असा एक शब्दही तो बोलला नाही. फक्त म्हणाला, “रंग छान लावलायस, ताई.”

पुढच्या वर्षी पुन्हा रंगाचे डबे आले. वेल्डरबाई फळीवर बसली. फोरमनकाका खाली उभे होते. चेष्टा करायची त्यांनी केव्हाच सोडली होती. तिने राखाडी डबा उघडलाच नाही. पांढरा घेतला आणि माझ्या बाजूवर, समुद्रातूनही वाचता येतील एवढी मोठी अक्षरं काढली: ‘हे जहाज चालत नाही.’

काकांनी वाचलं. फळीचा दोर हलत होता, तो त्यांनी खालून घट्ट धरून ठेवला.

साहेब आले. अक्षरं वाचली. पुसा म्हणाले नाहीत. राहू द्या असंही म्हणाले नाहीत.

मित्रांनो, अजून तरी ती अक्षरं आहेत. उद्या कुणी त्यांच्यावरून ब्रश फिरवलाच, तर माझं एक ऐका. धक्क्यावर याल तेव्हा मी किती सुंदर दिसते ते सांगू नका. आईचं बोट धरूनच, पण मोठ्याने विचारा, “ही चालते का?” आणि कुणी ‘किरकोळ काम बाकी आहे’ म्हणालं, तर तिथून हलू नका. आत या. दार उघडंच आहे. ते बंद करणारी साखळी धाकटीकडे आहे.