न धरलेले ठोके

क्रेनवाल्याचं ऑपरेशन फसलं. हे आधीच सांगितलेलं बरं, पुढे कुणाची निराशा व्हायला नको. आता ते फसलंच नाही असं समजून पुढे जायचं आहे. त्याच्या घरातही सगळे तसंच समजून चालले होते, आणि तसं समजायला त्यांना खुद्द डॉक्टरांनी शिकवलं होतं.

त्याचं हृदय बसल्या बसल्या ताल सोडून धावत सुटायचं. डॉक्टरांनी जांघेतून एक बारीक नळी शिरेत घातली, ती थेट हृदयापर्यंत नेली, आणि जिथून चुकार वीज सुटत होती त्या जागा जाळून टाकल्या. मग म्हणाले, सहा तास पाय सरळ ठेवून पडून राहा. घरी सोडताना हातात कागद दिला, त्यात पहिलीच ओळ होती: सध्या पाच किलोच्या वर काही उचलू नये. दोन बोटांनी दांडी ढकलून चार टन सळया आभाळात नेणाऱ्या माणसाने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद बायकोकडे दिला. कागद हलका होता, तरीही.

"आणि पहिल्या तीन महिन्यांत ठोके चुकले तर घाबरायचं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "आतली जखम भरत असते. तेव्हाचं आम्ही धरत नाही."

"झालं तरी?"

"झालं तरी."

नवव्या दिवशी झालं. धरलं नाही. विसाव्या दिवशी दोनदा झालं, एकदा तर आंघोळ करताना. तेही धरलं नाही. हळूहळू हा नियम घरभर पसरला. त्याच्या आईच्या हातून काचेचा जग फुटला, तर ती केर भरता भरता म्हणाली, "तीन महिन्यांच्या आतला आहे." शेजारीण भांडून गेली, तीही धरली नाही. फक्त एकदा, उशीचा अभ्रा बदलताना, आई कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली, "तुझ्या वडिलांना कुणी तीन महिने दिले नव्हते." अभ्रा तिने उलटा घातला होता.

त्याच्या खोलीच्या खिडकीतून साइट दिसायची. तो झोपला तेव्हा इमारत सहाव्या मजल्यावर होती. तो उशीला टेकून बसायला लागला तेव्हा आठव्या. त्याच्या केबिनमध्ये बदली माणूस बसत होता, आणि तो काँक्रीटची बकेट अशी झुलवायचा की खालची माणसं माना आत ओढून उभी राहायची.

"झोका संपेपर्यंत थांब ना रे," क्रेनवाला काचेला सांगायचा. "घाई कसली आहे, लग्नाला जायचंय का?"

"ऐकतोय बरं तो," बायको म्हणायची. "सहाशे पावलांवरून."

मुकादम महिन्यातून एकदा भेटायला यायचा आणि खुर्चीवर अर्धाच टेकायचा.

"मोठा माणूस झालास बाबा! काळजात वेल्डिंग करून घेतलंस. आता येतोस कधी?"

"डॉक्टरांची सही मिळाली की."

"लवकर घे. सोळावा, शेवटचा स्लॅब पडला की क्रेन खोलून नेणार. आणि तुला रीत ठाऊक आहे."

ठाऊक होती. खोलताना केबिनमध्ये जो असेल, तोच क्रेनबरोबर पुढच्या साइटला जायचा. दुसऱ्या कुणाला ती क्रेन मिळत नसे. का, ते कंपनीत कुणी विचारलं नव्हतं. बारा वर्षं त्याने ती केबिन अशीच टिकवली होती, तीन साइट, तीन वेळा खोलून.

आणि बायकोही तिथलीच. पहिल्या साइटवर ती खाली उभं राहून त्याला सिग्नल द्यायची. वर बसलेल्याला खालचं धड काही दिसत नाही, त्याला दिसतो तो फक्त एक हात. तो हात सांगेल ते करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. वर मूठ म्हणजे थांब, आणि ती सुटेपर्यंत हलायचं नाही. जमिनीकडे बोट करून हळूहळू गोल फिरवलं म्हणजे खाली घे. लग्नाचं विचारलं तेही त्याने केबिनमधून. तिने वर बोट केलं, म्हणजे उचल. बरेच दिवस तिला वाटत होतं की तो पुढच्या लोडबद्दल विचारतोय, पण तोवर तारीख ठरली होती.

ऑपरेशन चार तारखेला झालं होतं. तीन महिने तीन तारखेला भरले. आईने देवाला नाही, कॅलेंडरला हात जोडले. पाच तारखेला सकाळी तो चहा घेत असताना हृदय सुटलं.

त्याने कप ठेवला आणि मूठ वर केली. त्याला म्हणायचं होतं, बोलू नकोस, जाईल आपोआप. पण बायको दुधाच्या पातेल्याकडे निघाली होती, ती जागच्या जागी थांबली. मूठ वर आहे तोवर हलायचं नाही. दूध उतू गेलं. गॅस विझला. वास यायला लागला तेव्हा आईने आत येऊन बटण बंद केलं आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एक टेबलापाशी मूठ वर करून, दुसरी ओट्यापाशी पुतळ्यासारखी.

"काय चाललंय रे तुमचं?"

त्याने मूठ सोडली. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अकरा मिनिटं," ती म्हणाली.

आई खाली बसली. मग हिशेब सुरू झाला.

"घरी तो सहा तारखेला आला," आई म्हणाली. "सहापासून मोजा. एक दिवस बाकी आहे अजून."

"जाळलं चारला, आई."

"जाळल्यावर दोन दिवस तो शुद्धीवर तरी होता का धड?"

"होता. जेवण वाईट आहे म्हणत होता."

"म्हणजे नव्हताच शुद्धीवर," आई म्हणाली. "फुकटचं कधी वाईट म्हणायचा नाही तो."

क्रेनवाला खिडकीकडे बघत होता. चौदावा स्लॅब भरत होते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो आणि बायको शेजारी शेजारी बसले. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ठोके पाहिले. पट्टी सरळ आली. हृदय सकाळपासून शहाण्यासारखं वागत होतं, पाहुण्यांपुढच्या पोरासारखं.

"छान आहे. काही त्रास झाला, तीन तारखेनंतर?" डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं. सहीचा कागद समोरच होता.

त्याने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं, आणि सवयीने आधी तिच्या हाताकडे पाहिलं.

हात मांडीवर होता. बोट जमिनीकडे. हळूहळू गोल फिरत होतं. खाली घे.

खालून तिला दिसत होतं, त्याला नव्हतं. काल अकरा मिनिटं ती त्याचा चेहरा बघत उभी होती, कुठला रंग कुठून कुठे गेला ते तिला ठाऊक होतं. ती वर पाहतही नव्हती. बारा वर्षांत त्याने त्या हाताचं सांगणं एकदाही मोडलं नव्हतं.

"झाला," तो म्हणाला. "काल. अकरा मिनिटं."

पेनाचं टोपण लागलं.

"मग उंचीवर काम नाही," डॉक्टर म्हणाले. "बहुतेक पुन्हा जाळावं लागेल. दोन-तीन महिन्यांनी नंबर लागेल."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर पुन्हा तीन महिने."

घरी येताना जिन्यात ती पुढे होती आणि प्रत्येक मजल्यावर थांबत होती, तो दमलाय असं न दाखवता, चप्पल नीट केल्यासारखं करून. चप्पल तिने तीनदा नीट केली.

आईने दारातच विचारलं, "धरलं?"

"धरलं," तो म्हणाला.

खोलीत जाऊन त्याने वही घेतली. बाहेर बदली माणसाने सळयांचा भारा उचलला होता आणि आज तो, दुर्दैवाने, अजिबात झुलत नव्हता. क्रेनवाल्याने बराच वेळ पाहिलं आणि मग शक्य तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं:

प्रति,
मा. व्यवस्थापक, साइट कार्यालय.
विषय: इमारत थांबविणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, अर्जदाराचे हृदय दुरुस्तीस दिलेले असून ते मिळण्यास अंदाजे सहा महिने लागतील. तरी सदर इमारत चौदाव्या मजल्यावर आहे त्याच स्थितीत उभी ठेवण्यात यावी, पंधरावा व सोळावा मजला अर्जदार हजर झाल्याशिवाय चढविण्यात येऊ नयेत, आणि तोपर्यंत क्रेनच्या केबिनला बाहेरून कुलूप लावून त्याची किल्ली अर्जदाराच्या पत्नीकडे देण्यात यावी, ही नम्र विनंती.