कोरा पंधरवडा

पेद्रू अंकलचा हात थरथरत नव्हता, आणि मला तेच खटकलं.

अंकल म्हणजे माझे काका, कट्टा गावचे. मागच्या अंगणात बसून ते काजूची कलमं बांधत होते. पातं सालीत बेताने शिरत होतं, दोरा घट्ट बसत होता. आल्बिना आंटी नवऱ्याकडे कौतुकाने बघत होती. "शॅनन, सायब पावलो बघ," ती मला म्हणाली.

देव कसला पावतोय. अंकलच्या हातांना कंप आहे, आणि त्यावरच्या दोन औषधांची चाचणी कसालच्या दवाखान्यात चालू आहे. आखणी माझी; मी संख्याशास्त्रज्ञ. प्रत्येकाने आधी एक औषध घ्यायचं, नंतर दुसरं. माणूस स्वतःशीच ताडून बघता येतो, म्हणून थोडक्या माणसांत काम भागतं. मध्ये मात्र पंधरवडाभर काहीच घ्यायचं नाही. पहिलं औषध अंगातून पुरतं उतरलं पाहिजे, कारण ही दोन एकत्र आली की नाडी मंदावत जाते आणि झोपलेला माणूस उठत नाही. हे सगळ्यांना मी घसा फोडून सांगितलं होतं.

अंकलचा तो कोरा पंधरवडा आज संपत होता. एव्हाना त्यांना कपसुद्धा धरवायला नको होता, आणि हा माणूस खुशाल सुरी चालवत होता.

"अंकल, तू गोळी घेतंस."

"माझी खंय? माझी कधीच संपली." सुरी पुसत ते म्हणाले, "बाबलीची घेतंय."

बाबली हा कुंपणापलीकडचा शेतकरी. त्यालाही कंप. तो चाचणीत उशिरा आला, म्हणून त्याचं पहिलं पाकीट, अंकलच्याच पहिल्या औषधाचं, अजून चालू होतं. फणस कापला तरी इथे अर्धा पलीकडे जातो, तशी गोळीही अर्धी इकडे येत होती. माझं डोकं सणकलं.

"अक्कल खंय गेली तुझी?" मी बोलतच सुटले. उद्या दुसरी गोळी पोटात गेली असती तर आंटीवर काय वेळ आली असती, तेही सुनावलं. अंकल ओशाळले. "बरां गो. नाय घेवचंय."

जिवात जीव आला. दुसरं पाकीट ताब्यात घ्यावं म्हणून मी आत गेले. कालच आणलेलं ते पाकीट फोडलेलं होतं, आणि निम्मं रिकामं.

"सुरू केलंस तू?"

"एकय खाल्लंय नाय," अंकल म्हणाले.

उत्तर आंटीने दिलं. "बाबली डब्यात घालून धाडता गो. तेचो डबो रिकामो कसो परत करतलंव? काल ह्यांनी आपल्यातले घातले."

शेजारचं भांडं आमच्याकडे कोणी रिकामं परत करत नाही. मी याच घरात वाढले, तरी आखणी करताना मला ते आठवलं नव्हतं. मी पाकीट तिथेच टाकलं. तशीच कुंपणाकडे धावले.

बाबलीची बायको सुगंधा खळ्यात तांदूळ पाखडत होती. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू गो," ती हसत कुजबुजली. "निजले आसत. सकाळधरून उठाक नाय. हात बघ जा, किती गप आसत आज."