शपथेवरचा गोल

"आई, उद्या सकाळी दोघांपैकी एकाचं नाव द्यायचंय. तू सांग ना," सुबोध म्हणाला. मेथी निवडायला मी टेबलावर पेपर पसरला होता, त्यावरच त्यानं लॅपटॉप ठेवला.

चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. कॉलेजात फायनान्सचा मॅनेजर, हाताखाली सहा माणसं. आणि फुटबॉलचा कोच नेमायचा तर चौथी शिकलेल्या आईला विचारतो. विचारणार नाही तर करील काय? कोल्हापूरच्या पेठेत जन्माला येऊन बॉल अंगावर आला की डोळे मिटणारा हा एकटाच. बाप तालमीच्या टीमचा सेंटर फॉरवर्ड, आणि हा मैदानाच्या कडेला बसून पाढे म्हणायचा.

त्याच्या कॉलेजची टीमही त्याच्याच वळणाची. मैदान इथं परदेशात, आमच्या चोआ चू कांगच्या इमारतीमागंच आहे, त्यामुळे संध्याकाळी चालायला गेलं की ते ध्यान दिसतं. गेल्या वर्षी अकरा सामने खेळले. नऊ हरले, दोन बरोबरीत सुटले. तेही वीज चमकली म्हणून मध्येच थांबवले, नाहीतर तेही गेले असते. पोरांचे बूट बघाल तर नवरदेवाच्या मोजडीसारखे झगझगीत, आणि पास द्यायला गेली की बॉल शेजारच्या टेनिस कोर्टात. जुना कोच कंटाळून निघून गेला. मी असते तर पहिल्याच आठवड्यात गेले असते.

नवा नेमायला तिघांची कमिटी बसली. प्रिन्सिपॉल, खेळाच्या प्रमुख लिमबाई, आणि पगाराला मान डोलवायला आमचा सुबोध. प्रिन्सिपॉलना डेरेक नावाचा माणूस हवा होता. लिमबाईंना रवींद्र. राहिला सुबोध. म्हणजे राहिले मी.

"डेरेकचं प्रेझेंटेशन बघ तरी. बेचाळीस स्लाइड्स आहेत."

"त्यात बॉल कितवीत हाय?"

त्यानं खरंच शोधलं. बोटानं खाली खाली जात राहिला. "एकोणिसावीत."

"तोवर चार गोल बसतील पोरांवर."

सोफ्यावरून गार्गी, माझी नात, इथल्या लाह-लाहच्या भाषेत ओरडली. ती त्याच कॉलेजात शिकते. "आजी, दुसरा अंकल डॅम गुड लाह! ट्रायलला सगळ्यांना शूज काढायला लावले. बेअरफूट! एक तास ओन्ली पासिंग. कोणी कम्प्लेन पण नाही केलं."

अनवाणी पासिंग. ही आमच्याकडची रीत. बुटात पाय घालायच्या आधी बॉल तळपायाला कळला पाहिजे, असं तालमीतले म्हातारे सांगायचे. परमुलखात हे कानावर पडलं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रवींद्र कोण, ते मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं.

सुबोधला तो मंडळाच्या गणपतीत भेटला होता. सेंगकांगला मुलांना फुटबॉल शिकवायचा. ती अकॅडमी बंद पडली, कामाचा पास, म्हणजे इथं राहायचा परवाना, रद्द झाला. तीस दिवसांत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर बायको आणि दहावीतली मुलगी इरा यांना घेऊन देश सोडायचा. आमच्या कॉलेजची जागा सुबोधनंच त्याला सांगितली. "आपल्या कोल्हापूरचा माणूस आहे आई," म्हणून रविवारी जेवायला घेऊन आला. अर्ज करायच्या आधी जेवायला बोलावलं तर नियमात बसतं का, तेही ऑफिसात विचारून आला होता.

मी तांबडा-पांढरा केला होता. भाकऱ्या केल्या होत्या. माणूस बरा दिसला. पंचावन्नचा असेल, केस पिकलेले, पंजे मात्र सुपाएवढे. मांडी घालायची सवय असलेला माणूस खुर्चीवर बसतो तसा अवघडून बसला होता.

"कुठल्या पेठेचे तुम्ही?" मी रस्सा वाढता वाढता विचारलं.

त्यानं सांगितलं. त्या पेठेचं नाव मी घेत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून घेतलेलं नाही.

"खेळत कुठं हुता?"

"गोलात, वहिनी. कीपर."

माझी पळी तिथंच थांबली. "अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "व्हय. मीच हुतो."

ती फायनल आमच्या घरात सदतीस वर्षं मुक्कामाला होती. शेवटची पाच मिनिटं, आम्ही एका गोलानं मागं. ह्यांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, लांबून मारलेला बॉल वरच्या दांडीला लागला, खाली आदळला आणि उसळून बाहेर आला. मी बायकांच्या बाजूला सात वर्षांच्या सुबोधला घेऊन बसले होते. मला दिसला. वीतभर आत पडला होता. रेफ्री पार मागं राहिलेला, त्याला काय दिसणार? ह्यांनी भांडण केलं नाही. सरळ त्या पोरसवदा कीपरपाशी गेले नि म्हणाले, "तू जवळ हुतास. मारुतीची शपथ घेऊन सांग, आत का बाहेर?" मारुती दोन्हीकडच्या तालमीत. पेठापेठांत डोकी फुटली तरी त्या शपथेवर कोणी खोटं बोलत नसे. पोरानं शपथ घेतली. म्हणाला, बाहेर. ह्यांनी हात वर केला आणि खेळ चालू करा म्हणून रेफ्रीला सांगितलं.

आम्ही हरलो. ह्यांनी बूट खिळ्याला टांगले ते कायमचे. पुढं फाउंड्रीत साचे भरत जन्म गेला, आणि मधूनच भिंतीकडं बघत म्हणायचे, "वीतभर चुकलो बघ." मी म्हणायचे, आत होता. मग चिडायचे. "पोरानं मारुतीची शपथ घेतलीया. उगं त्याच्यावर आळ घालू नगं." ह्या एका गोष्टीवरून आमचं किती वाजलं याला गणती नाही. सहा वर्षांपूर्वी गेले, ते आपणच चुकलो असं धरून गेले.

तर तो पोरगा माझ्या टेबलावर माझ्या हातची भाकरी खात होता.

"आत हुता का बाहेर?" मी विचारलं.

"वहिनी, आज ते नको."

"आज नको तर कवा? माझ्या तेराव्याला?"

सुबोध "आई, आई" करायला लागला. रवींद्रनं पानात टाकलं नाही, सगळं संपवलं, ताट स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवलं, मला वाकून नमस्कार केला आणि गेला. मी म्हटलं, बघा, त्या पेठेचं पाणी.

तेव्हा आता सुबोध लॅपटॉप घेऊन बसला तर मला मेथीचं एक पानही खाली ठेवायची गरज पडली नाही.

"डेरेकला घे."

"पण ट्रायल रवींद्रची चांगली झाली. लिमबाई म्हणतात—"

"खोटी शपथ घेणाऱ्याच्या हाताखाली पोरं देणार? घे त्या स्लाइडवाल्याला."

"आई, त्याचे तीस दिवस या शनिवारी संपतात."

"मग? आमच्या माणसाचा जन्म संपला."

सुबोधनं लॅपटॉपवर काहीतरी टाईप केलं आणि झाकण लावलं. वाद घालणं त्याच्या रक्तात नाही. एकदा तरी टेबलावर हात आपटून "आई, गप्प बस" म्हणाला असता तर मी काय त्याला घराबाहेर काढणार होते? घर त्याचंच आहे.

डेरेक दोन दिवसांत रुजू झाला. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा पहिला सामना. मी लवकर जाऊन वरच्या पायरीवरच्या खुर्चीत बसले, आणि गार्गी यायची होती म्हणून शेजारच्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं. इथं हॉकर सेंटरला, म्हणजे खायच्या टपऱ्यांच्या मंडईत, जागा धरतात तसं. पाकीट ठेवलं की राजा आला तरी तिथं बसत नाही. या देशातली तेवढी एक गोष्ट मला पटते.

डेरेकनं आकाशात ड्रोन सोडला होता. खाली पोरं बॉलमागं कमी आणि त्याच्या टॅबकडं जास्त बघत होती. अर्धा खेळ होईतो चार गोल खाल्ले. त्यानं टॅबवर त्या चार गोलांचे लाल ठिपके काढून दाखवले असतील.

रवींद्र पायऱ्या चढून आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता. टिश्यूच्या पाकिटाकडं बघितलं आणि खुर्चीपाशी उभाच राहिला. मी पाकीट उचललं नाही.

"उद्या सकाळचं विमान हाय, वहिनी."

"बरं."

"इराचा दाखला काढला. दहावीला बसंल तिकडं, न्हाईतर वरीस जाईल."

"बरं."

त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. मग म्हणाला, "आत हुता."

मी मान वळवली नाही.

"वीतभर आत. माझ्या टाचंपाशी पडला. अठरा वर्षांचा हुतो, अख्खी पेठ पाठीमागं बोंबलत हुती. अण्णांनी शपथ घातली आणि तोंडातनं निघून गेलं. नंतर दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापातूर आलो. अण्णा दारात बसलेले दिसायचे. माघारी फिरलो."

"मग त्या दिवशी जेवताना काय जीभ गिळली हुतीस?"

"त्या दिवशी नोकरी मागायला आलो हुतो, वहिनी. तवा आत म्हटलं असतं, तर पोटासाठी बोलला असं झालं असतं. आता मागायचं काय न्हाई."

सदतीस वर्षं मी हे ऐकायला बसले होते. मी म्हणत होते तेच खरं निघालं, आणि ते ज्याला सांगायचं तो माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात खालून आमच्याच एका बावळटानं दिशा न बघता बॉल हाणला. तो सरळ माझ्या तोंडावर आला. मी डोळे मिटले.

काही लागलं नाही. उघडून बघते तर बॉल माझ्या नाकापासून हातभर अंतरावर, त्या सुपाएवढ्या पंजांत. रवींद्रनं तो खाली टाकला नाही, पायऱ्यांवरून घरंगळू दिला नाही. चार पायऱ्या उतरून बॉल न्यायला आलेल्या त्या पोराच्या हातात दिला, आणि त्याच्या बुटाच्या टोकाला बोट लावून मान हलवली. इथनं न्हाई, आतल्या बाजूनं. पोरानं मान डोलवली. मग रवींद्र तसाच खाली उतरत गेला आणि फाटकाबाहेर पडला.

बसा, एवढंच म्हणायचं होतं मला.

गार्गी धापा टाकत आली. "सॉरी आजी, बस लेट लाह. किती झाले? फोर निल? ओ गॉड." आणि तिनं बसायला टिश्यूच्या पाकिटाला हात घातला.

"राहू दे ते," मी म्हटलं. "तू पलीकडं बस. तिथं माणूस हाय."