सातव्या भागातला राक्षस

कथेतल्या पात्रांचं जगणं-मरणं लेखकाच्या हाती असतं, त्यात कुणी ढवळाढवळ करू नये, असं सुन्नुवाचं ठाम मत होतं. ती राहायची फेरो बेटांवरच्या एका गावात. गावात साठ घरं, सगळी तिची वाचक, आणि न विचारता शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायची एकजात सगळ्यांना सवय.

मुलांसाठी लिहिलेल्या तिच्या जादुई साहसमालेचा सातवा, शेवटचा भाग संपत आला होता. एकच काम उरलं होतं: ग्रुब्बुर या डोंगरी राक्षसाला कड्यावरून समुद्रात ढकलणं. पाव आणायला गेल्यावर हे तिने दुकानदारणीला सांगितलं, तेही ‘कुणाला सांगू नकोस’ असं बजावून. अर्ध्या तासात शेजारचे हानुसकाका आत. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही हातांत रूबार्बच्या मुरंब्याच्या बरण्या.

“मला मारतेस म्हणे?”

“तुम्हाला कशाला मारू, काका?”

“साळसूदपणा पुरे. वाकडं नाक, ओल्या लोकरीचा वास, पायवाटेवर आडवं उभं राहून कुणाला जाऊ न देणं. आमच्या हिने तर पहिल्याच भागात ओळखलं.”

“मग राग आला असेल.”

“राग? अगं, कोपनहेगनची माझी नात आधी ‘कसे आहात आजोबा’ म्हणून फोन आईकडे द्यायची. तुझी पुस्तकं वाचल्यापासून तासभर बोलते. आज कुणाला अडवलंत, विचारते. मीही देतो ठोकून. राक्षस मेला की मी पुन्हा नुसता आजोबा.”

ते खिडकीबाहेर बघत होते. बरण्या खाली ठेवायच्या राहूनच गेल्या होत्या.

कथेची गरज, शोकांतिकेची अपरिहार्यता असे दोन-चार शब्द सुन्नुवाच्या ओठांवर आले आणि परत गेले. तिने कड्याचं पान चुरगळलं आणि नवं लिहिलं: भांडून दमलेला ग्रुब्बुर वाटेवरच आडवा झाला, मुलं त्याला वळसा घालून घरी गेली.

“झोपलाय ना नुसता?” हानुसकाकांनी खात्री करून घेतली.

“घोरतोय.”

“मी घोरत नाही.”

“काकूंना विचारू?”

“राहू दे, घोरू दे.”

जाताना त्यांनी पायवाटेवर उभं राहून पोस्टमनला अडवलं. खिडकीतून बघताना सुन्नुवाला पुस्तक आधीपेक्षा बरं झालंय असं वाटलं.

ग्रुब्बुर तिने खरं तर हानुसकाकांच्या एका मेंढ्यावरून घेतला होता. तो मेंढा काकांनीच गेल्या ऑक्टोबरात कापला.