फळीवरची पोरं

“कामिनीबाई, फळीवरची सारी पोरं उतरवा,” फोन खिशात टाकत भैय्यालालने बस तलावाच्या कडेला घेतली. “हायवेवर चेकिंग हाय. साहेब गाडीत चढून पोरं मोजून राहिला म्हणते.”

एकोडीहून लाखनीच्या शाळेत जाणाऱ्या त्या बसमध्ये सीटांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर आडव्या फळ्या टाकलेल्या असत. मोठी पोरं सीटवर, लहान फळीवर. पोरांवर लक्ष ठेवायला बसमध्ये एक बाई हवी, असा नियम. म्हणून कामिनीबाईला ठेवलेलं. सीटांइतकीच पोरं घ्यावीत, हाही नियमच. आणि तो मोडला की सांभाळून घ्यायलाही कामिनीबाईच. शाळेने एका बाईत दोन्ही नियमांची सोय लावली होती.

चेकिंगची खबर आली की फळ्या सीटखाली सारायच्या, लहान पोरं उतरवायची, तलावाच्या पाळीवरून आणि धानाच्या बांधांवरून त्यांना आडवाटेने न्यायचं आणि चेकिंगच्या पुढे राइस मिलजवळ पुन्हा बसमध्ये चढवायचं. पालकांना हे ठाऊक होतं. पण त्या वेळेला एसटी नाही, आणि पोरगं घरी बसण्यापेक्षा फळीवर बसलेलं बरं, म्हणून सगळ्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं. कामिनीबाईने तर जास्तच. नवरा गेल्यावर हीच नोकरी मिळाली, आणि नोकरीमुळेच तिच्या उर्वशीला त्या शाळेत फुकट घेतलं होतं. उर्वशी सहावीत होती आणि खिडकीशी, सीटवर बसायची.

“आगगाडी करा रे,” कामिनीबाई पोरांना म्हणाली. “पुढच्याचं दप्तर धरा. आन् तोंडातून आवाज नाही. जो बोलंल त्याच्यापायी साहेब बस घेऊन जाईल. मंग शाळा बंद.”

हायवे तिथून हाकेच्या अंतरावर होता, म्हणून ही धमकी. पोरांना मात्र ती खेळातली अट वाटे, आणि ती मोठ्या निष्ठेने पाळत. आगगाडी निघाली. पुढे कामिनीबाई, शेवटी भूषण आणि त्याचं दप्तर धरून यंदाच पहिलीत आलेली मोना. तलाव काठोकाठ भरलेला, पाळ निसरडी. कामिनीबाई झपाझप चालत होती, कारण उशीर झाला की शाळेत तिलाच बोलणी बसत. मागे एवढी शांतता, की तिला पोरांचं कौतुक वाटलं.

राइस मिलजवळ बस उभी होती. पोरांना चढवता चढवता ती भूषणपाशी आली. त्याच्यामागे कुणी नव्हतं.

“मोना कुठी हाय?”

भूषणने मागे बोट दाखवलं. तोंड मिटलेलंच.

“अरे बोल ना!”

“पडली,” तो कुजबुजला. “पान्यात. तुम्ही बोलू नोका म्हणलं होतं.”

कामिनीबाई आल्या वाटेने पळत सुटली. चपला चिखलात राहिल्या, लुगडं फाटलं, त्याची शुद्ध तिला नव्हती. मोनाच्या नावाने तिने टाहो फोडला. जन्मात तिने इतक्या जोराने कुणाला हाक मारली नव्हती. उत्तर आलं नाही. देवा, माझं काय न्यायचं ते ने, पण ही पोरगी ठेव, असं ती म्हणत होती, आणि आपलं म्हणजे उर्वशी, हे लक्षात येऊन तिला आणखीच रडू फुटलं.

पाळीच्या वळणाशी, हनुवटीपर्यंत पाण्यात, मोना उभी होती. एका हाताने तिने बेशरमाच्या झुडपाची फांदी धरली होती. दुसरा हात स्वतःच्या तोंडावर दाबलेला.

कामिनीबाईने तिला ओढून छातीशी धरलं. “आवाज काहून नाही देल्ला बेटा? मी बोंबलून राहिली होती ना.”

“मी ओरडली नाही, बाई,” मोना म्हणाली. तिचे दात वाजत होते. शाबासकी मिळेल, असं तिला वाटत असावं.

मिलपाशी भैय्यालाल घायकुतीला आला होता. “भेटली ना पोरगी? झालं मंग. बसवा पटकन.”

“मी साहेबाकडं जाते, भाऊ.”

त्याने हातच जोडले. “असं नोका करू. तुमची नोकरी जाईल. उर्वशीची शाळा जाईल. मी तरी काय मालक आहो का? हे पोरं उद्यापासून कायनं येतीन, सांगा.”

यातलं काहीच खोटं नव्हतं. कामिनीबाईने खिडकीकडे पाहिलं. उर्वशीने सारं ऐकलं होतं. ती मान हलवून नाही, नाही म्हणत होती. कामिनीबाईने नजर काढून घेतली आणि लहान पोरांना पुन्हा खाली उतरवलं.

हायवेवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. ओल्या मोनाला कडेवर घेऊन कामिनीबाई पुढे, आणि रस्त्याच्या अगदी कडेने ती आगगाडी उलटी चेकिंगच्या दिशेने चालली. साहेब एका बसमधून उतरत होते. अनवाणी, चिखलाने माखलेली बाई आणि तिच्यामागची पोरं बघून ते थांबले.

“कुठल्या गाडीतली पोरं ही?”

“तिकडं मिलपाशी उभी हाय, साहेब. मी त्याच गाडीवर काम करते.”

साहेब मोनाकडे वळले. “तुझं नाव काय गं?”

मोनाने ओठ घट्ट मिटले आणि कामिनीबाईकडे पाहिलं.

“सांग बेटा,” कामिनीबाई म्हणाली. “आता बोलाचं. जोरानं बोल.”

मोना बोलली नाही. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. मागे पोरं एकमेकांची दप्तरं धरून उभी होती, अगदी गप्प.